छावणी ते उदगीर : मराठवाड्यातले ख्रिस्ती पंथ पाहताना

शनिवार. छत्रपती संभाजीनगर, छावणी

मराठवाड्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घराचा पंथ ओळखायचा असेल तर आधी त्यांचं मूळ गाव विचारावं. जालन्याकडचे बहुधा स्कॉटिश मिशनच्या परंपरेतले. औरंगाबादच्या आसपासचे चर्च मिशनरी सोसायटीचे (सीएमएस), म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले. नगरच्या सीमेला लागलेले अमेरिकन मराठी मिशनचे, आणि बीदरच्या बाजूचे मेथॉडिस्ट. १९ व्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतला होता. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने काम सुरू करायचं नाही, असा तो समझोता होता. कॅथलिक मात्र त्यात कधीच सामील नव्हते. म्हणजे पणजोबांनी चार पंथ तपासून त्यातला एक निवडला, असं फारसं घडलेलं नाही. जे मिशन गावात पोचलं त्याचा पंथ घराला मिळाला. म्हणूनच हे पंथ समजून घ्यायला मनमाडहून निजामी मुलखात शिरलेल्या जुन्या रेल्वेमार्गाने, गावामागून गाव, असं जाणं सोयीचं पडतं.

सुरुवात शनिवारी करावी. उपासना चालू असताना भिंती-मेजांकडे टक लावून पाहणं बरं दिसत नाही. शनिवारी दुपारी इमारत रिकामी असते आणि विनंती केली तर बहुतेक ठिकाणी कुलूप उघडून देतात. आत गेल्यावर तीन गोष्टी पाहायच्या: मेज कुठे आहे, प्रवचनाची जागा कुठे आहे, आणि पाणी कुठे आहे. धर्मशास्त्राच्या पुस्तकांतला निम्मा वाद या तीन जागांवरून कळतो.

सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल हे कॅथलिक औरंगाबाद धर्मप्रांताचं मुख्य मंदिर. हा धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला. कॅथलिक मंदिरात शिरताना दाराशीच पवित्र पाण्याचं भांडं असतं. लोक त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात. आपल्या बाप्तिस्म्याची ती आठवण. समोर मध्यभागी वेदी असते. तिच्या मागे किंवा बाजूला कुलूपबंद छोटी पेटी, आणि जवळ अखंड जळणारा लाल दिवा. त्या पेटीत मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, अर्पण केलेली भाकर ठेवलेली असते. दिवा जळत असेल तर ती आत आहे असं समजायचं, आणि म्हणूनच बाकाकडे वळण्याआधी कॅथलिक माणूस उजवा गुडघा जमिनीला टेकवतो. भिंतींवर क्रुसाच्या वाटेची १४ स्थानं असतात. मरिया आणि संतांच्या मूर्ती असतात, आणि पापनिवेदनासाठी वेगळी जागा असते.

छावणीतल्या ख्राईस्ट चर्चमध्ये गेलं की पुष्कळसं ओळखीचं वाटतं आणि पुष्कळसं गळालेलं दिसतं. वेदी टोकाला, तिच्यापुढे कठडा. त्या कठड्याशी गुडघे टेकून प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, घेण्याची अँग्लिकन रीत. मरियेची मूर्ती नाही. आज हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या, मराठवाडा धर्मप्रांतात येतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सीएमएसचं इथलं काम रतनजी नवरोजी या पारशी घरातून आलेल्या पाळकांनी उभं केलं. ब्राह्मण, पारशी, दलित अशा वेगवेगळ्या घरांतली माणसं या इतिहासात एकत्र भेटतात, आणि हा इतिहास फक्त गोऱ्या मिशनऱ्यांचा समजणं चूक आहे.

रविवार. एका सकाळी दोन उपासना

उपासनेच्या वेळा ऋतूप्रमाणे आणि सणांप्रमाणे बदलतात, म्हणून शनिवारी फलक वाचून ठेवावा. आधी मिस्सा आणि मग सीएनआयची उपासना असा क्रम जमला तर फरक लगेच कानावर येतो.

रविवारची मिस्सा साधारण तासाभराची. पापांची क्षमा मागून सुरुवात होते. मग तीन वाचनं: एक बहुधा जुन्या करारातलं, एक पत्रांतलं, एक शुभवर्तमानातलं, आणि पहिल्या दोहोंच्या मध्ये स्तोत्र. शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात. ही वाचनं फादर स्वतः निवडत नाहीत. ती तीन वर्षांच्या चक्रात बांधलेली आहेत: पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. त्यामुळे त्या रविवारी वसईत जे शुभवर्तमान वाचलं जातं तेच मराठवाड्यातही. त्यानंतर प्रवचन, विश्वासाची घोषणा, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस यांचं अर्पण, मोठी अर्पणप्रार्थना आणि मग कम्युनियन, म्हणजे अर्पण केलेली भाकर स्वीकारणं. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यानंतरच्या काही वर्षांत लॅटिन मागे पडून मिस्सा लोकभाषांत आली. त्यापूर्वी मराठी उपासना म्हणजे प्रॉटेस्टंट उपासना हे समीकरण पक्कं होतं.

पाहुण्याची गडबड दोन ठिकाणी होते. पहिली प्रभूच्या प्रार्थनेत. प्रॉटेस्टंट माणूस "आम्हांला वाइटापासून सोडव" याच्या पुढे न थांबता "राज्य, सामर्थ्य व गौरव" हा शेवट म्हणून टाकतो. मिस्सेत तिथे लोक थांबतात, फादर एकटे एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि मगच ते शब्द सगळे मिळून म्हणतात. भरल्या शांततेत एकट्याचाच आवाज घुमू नये म्हणून हे आधी ठाऊक असावं. दुसरी गडबड कम्युनियनच्या रांगेत. कॅथलिक नसलेल्याने त्या रांगेत जाऊ नये. बाकावर बसून राहण्यात कुणाचाही अवमान नाही. कॅथलिक माणसानेही किमान एक तास आधी काही खाल्लेलं नसावं, आणि गंभीर पाप मनात असेल तर आधी पापनिवेदन करावं, असा नियम आहे.

या आडकाठीचं कारण समजून घ्यायला हवं, नाहीतर ती नुसती कडकाई वाटते. कॅथलिक शिकवणीप्रमाणे अर्पणप्रार्थनेनंतर भाकरीचं रूप, चव, वास तसाच राहतो, पण तिचं सत्त्व बदलून ती ख्रिस्ताचं शरीर होते. म्हणून उरलेली भाकर पेटीत जपून ठेवतात, दिवा लावतात, गुडघा टेकतात. आणि ती स्वीकारणं म्हणजे त्या चर्चशी पूर्ण ऐक्य जाहीर करणं. सोळाव्या शतकात रोमपासून फुटलेल्या प्रॉटेस्टंट सुधारकांपैकी जर्मनीतल्या ल्यूथरने सत्त्व बदलण्याचा सिद्धान्त नाकारला, पण भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो हे सोडलं नाही. स्वित्झर्लंडातल्या झ्विंग्लीने भाकरीला स्मरणाचं चिन्ह मानलं. १५२९ मध्ये मारबुर्ग इथे हे दोघे समोरासमोर बसले. जवळजवळ सगळ्या मुद्द्यांवर जमलं आणि याच एका मुद्द्यावर फिसकटलं. काल्विनने पुढे तिसरी वाट काढली: भाकर भाकरच राहते, पण विश्वासाने घेणाऱ्याला पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्ताचा खराखुरा लाभ होतो.

सीएनआयच्या उपासनेत हे सगळे वारसे एकाच छपराखाली आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा परंपरा एक झाल्या: अँग्लिकन; आधीच जोडलेले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल; ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन वळणाचे मेथॉडिस्ट; बॅप्टिस्ट; ब्रेदरन; आणि डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट. म्हणून सीएनआयचा फलक एकच असला तरी आतली रीत जुन्या मिशनप्रमाणे बदलते. अँग्लिकन वळणाच्या मंडळीत छापील उपासनाक्रम, एकच प्याला आणि कठड्याशी गुडघे. स्कॉटिश-अमेरिकन वळणाच्या मंडळीत लोक बाकावरच बसतात, भाकरीचे तुकडे आणि छोटे छोटे पेले तबकातून फिरतात, आणि प्रभुभोजन बहुधा महिन्यातून एकदा असतं. उपासनेचा भर गीतं आणि संदेशावर. नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर सुरू झाली की मराठी ख्रिस्ती परंपरा कशी आहे ते कळतं. अभंगाचं वळण तिने कधी सोडलं नाही, आणि हे तिचं मोठं धन आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि आपल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला पात्र असलेल्या इतर पंथीयांना इथे सहसा मेजाशी बोलावतात. तरी आधी पाळकसाहेबांना विचारलेलं चांगलं.

दुपारी वेळ उरला तर वाळूज, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे आलेल्या मल्याळी कुटुंबांकडे चौकशी करावी. तिथला फरक प्रॉटेस्टंट-कॅथलिक वादाच्या हजार वर्षं आधीचा आहे. केरळातलं मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्च ४५१ सालची खाल्सेदोनची परिषद, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी निर्णय देणारी धर्मसभा, मानत नाही आणि पोपचा अधिकारही मानत नाही. त्यांच्या कुर्बान्यात, म्हणजे मिस्सेसारख्या उपासनेत, भाकर खमीर घातलेली असते. रोमन रीतीत ती बेखमीर. वेदीपुढे पडदा असतो. पण सगळे सिरियन ख्रिस्ती ऑर्थोडॉक्स नव्हेत. सिरो-मलबार चर्च रोमशी जोडलेलं, म्हणजे कॅथलिकच आहे, आणि मार थोमा चर्च सुधारणा स्वीकारलेलं. नावात "सिरियन" पाहून तिघांना एकत्र बांधलं की पुढचं सगळं चुकत जातं.

सोमवार. जालना आणि बेथेल

संभाजीनगरहून जालना सुमारे ६० किलोमीटर. संभाजीनगरचं कॅथेड्रल ज्या संताच्या नावाचं, ते फ्रान्सिस डी सेल्स १६०२ मध्ये जिनिव्हाचे बिशप झाले, पण जिनिव्हा काल्विनपंथीयांच्या हाती असल्यामुळे त्यांना ॲनेसी गावात राहून काम करावं लागलं. त्याच काल्विनच्या जिनिव्हातून सुधारक जॉन नॉक्स यांनी जी शिकवण स्कॉटलंडला नेली, ती तीनशे वर्षांनी जालन्याला पोचली. युरोपात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन परंपरा इथे पॅसेंजर गाडीच्या अंतरावर आहेत.

जालन्याचं काम नारायण शेषाद्री यांचं. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले हे ब्राह्मण घरातले तरुण पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक झाले. १८६० च्या दशकात त्यांनी जालना भागात काम सुरू केलं आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. दलित जातींतल्या कुटुंबांना तिथे घर, शेत, शाळा आणि देऊळ एकत्र मिळालं.

हे "फ्री" म्हणजे काय, ते समजलं की प्रेस्बिटेरियन पंथ समजतो. त्याच १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून शेकडो पाळक बाहेर पडले. शिकवणीवरून वाद नव्हता. गावचा जमीनदार पाळक नेमणार की मंडळी स्वतः निवडणार, हा वाद होता. प्रेस्बिटेरियन रचनेत बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार पाहतात, त्यांच्यावर आसपासच्या मंडळ्यांची सभा म्हणजे प्रेस्बिटेरी, तिच्यावर आणखी मोठी सभा म्हणजे सिनड. काँग्रिगेशनल लोक आणखी पुढे जातात: प्रत्येक मंडळी स्वयंपूर्ण, वरच्या संस्थेचा फक्त सल्ला. अँग्लिकन रचनेत अधिकार बिशपकडून येतो, आणि बिशपच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्यांची साखळी प्रेषितांपर्यंत, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांपर्यंत, नेली जाते.

आता सीएनआय जुळवणं किती अवघड होतं ते लक्षात येईल. बिशप मानणारे आणि न मानणारे एकत्र येणार कसे? १९७० मध्ये सगळ्या परंपरांच्या सेवकांनी परस्परांच्या डोक्यावर हात ठेवून एक सेवकवर्ग तयार केला, बिशपपद ठेवलं आणि त्याला समित्यांची जोड दिली. १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाने असा विधी न करता आधीचे पाळक होते तसे स्वीकारले होते. सीएनआयने बाप्तिस्म्याचा पेचही असाच सोडवला: आईवडील बाळाला बाप्तिस्मा देऊ शकतात, किंवा बाळाचं समर्पण करून मोठेपणी त्याला स्वतः विश्वास कबूल करू देतात. दोन्ही रीती वैध, मात्र एकाच माणसाला दोनदा बाप्तिस्मा नाही.

फ्री चर्च, १९०० नंतर युनायटेड फ्री, १९२४ पासून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाचा प्रवाह, मग सीएनआय. जुनी कागदपत्रं, कबरींवरचे लेख, कोनशिला वाचताना ही नावं वेगवेगळे पंथ समजू नयेत. मंडळी तीच असते. जालन्याच्या परिसरात फिरताना सर्वाधिक घोटाळा इथेच होतो.

मंगळवार. परभणी

दिवस बहुतेक गाडीत जातो. संध्याकाळी एखाद्या स्वतंत्र मंडळीची प्रार्थनासभा पाहावी. ती भाड्याच्या हॉलमध्ये किंवा घराच्या गच्चीवर पत्र्याखाली भरते. वेदी नाही, मूर्ती नाही, बहुधा क्रूसही नाही. माइक, ढोलक, कीबोर्ड आणि जमिनीवर सतरंजी. "प्रेज द लॉर्ड" हे अभिवादन. सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात, काही जण अन्य भाषांत, म्हणजे स्वतः न शिकलेल्या भाषांत, बोलतात, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना होते. पवित्र आत्म्याच्या अशा अनुभवावर भर देणारा हा पेंटेकॉस्टल वारसा फक्त अमेरिकेतून आला असं मानण्याचं कारण नाही. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची जागृती १९०६ ची. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्येच तशी जागृती झाली होती.

बाप्तिस्मा मोठेपणीच, आणि पूर्ण बुडवून. लहानपणीचा बाप्तिस्मा ते धरत नाहीत, म्हणून सीएनआय किंवा कॅथलिक घरातून तिकडे गेलेल्याला पुन्हा बाप्तिस्मा देतात. दोन पिढ्यांमधली भांडणं बऱ्याचदा यावरूनच होतात, आणि दोन्ही बाजूंचं दुखणं खरं असतं. एक बारकावा आवर्जून विचारावा: बाप्तिस्मा "पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने" देतात की केवळ "येशूच्या नावाने"? दुसरा प्रकार त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रिएक देव, न मानणाऱ्या गटाचा आहे आणि पेंटेकॉस्टलांतही तो वेगळा पडतो.

ॲडव्हेंटिस्ट मंडळी याहून निराळी. त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. डुकराचं मांस, दारू, तंबाखू वर्ज्य. साल्वेशन आर्मीत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत. रविवारी गणवेशात दिसतात म्हणून त्यांना केवळ समाजसेवी संस्था समजतात. ते चर्चच आहे.

बुधवार. उदगीर

परभणीहून परळी, लातूर रोड करत गाडी उदगीरला येते आणि पुढे बीदरला जाते. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, आणि बीदर हे अमेरिकन मेथॉडिस्टांचं जुनं केंद्र. या कोपऱ्यात मेथॉडिस्ट नाव भेटतं ते त्यामुळे. हे मेथॉडिस्ट १९७० च्या ऐक्यात ऐन वेळी आले नाहीत. १९८१ पासून ते मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त आहेत. सीएनआयमध्ये गेलेले मेथॉडिस्ट वेगळे, हे वेगळे.

मूळ पुरुष जॉन वेस्ली, जन्माने आणि मरणापर्यंत अँग्लिकन. कुणाचं तारण व्हायचं ते देवाने आधीच ठरवलेलं आहे, या काल्विनच्या पूर्वनियोजनाच्या शिकवणीला त्यांचा विरोध होता: देवाची कृपा सर्वांसाठी खुली आहे, ती नाकारताही येते, आणि विश्वासात आलेला माणूस घसरूही शकतो, म्हणून पवित्र जीवनाची रोजची शिस्त हवी. व्यवहारात हा पंथ पाळकाच्या बदलीवरून ओळखू येतो. बिशप वार्षिक कॉन्फरन्समध्ये नेमणुका वाचून दाखवतात आणि पाळक बिऱ्हाड हलवतो. मंडळीला आवडता पाळक ठेवून घेता येत नाही, तसा नावडता कायमचा गळ्यात पडतही नाही. लहान मुलांना बाप्तिस्मा देतात.

गुरुवार. लातूर, धाराशिव

९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला भरलं, त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे कॅथलिक धर्मगुरू होते. मराठी बायबलचं त्यांचं काम लक्षात ठेवून इथे दोन बायबलं शेजारी ठेवून पाहावीत. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंटांच्या ६६. नव्या करारात दोन्हीकडे २७च. फरक जुन्या करारात: तोबित, यहूदिथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात पुस्तकं, शिवाय एस्तेर व दानीएल यांतले काही भाग. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार कॅथलिक दुसऱ्या मक्काबीत दाखवतात. प्रॉटेस्टंट ते पुस्तक प्रमाण मानत नाहीत. वाद तिथेच अडतो. दहा आज्ञांचे क्रमांकही जुळत नाहीत. कॅथलिक मूर्तींविषयीची आज्ञा पहिलीतच धरतात आणि लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतात. त्यामुळे "व्यभिचार करू नको" ही त्यांची सहावी, प्रॉटेस्टंटांची सातवी. आज्ञा क्रमांकाने सांगू नये, शब्दांनी सांगावी.

या सगळ्याची खरी गरज लोकांना लग्नाच्या वेळी पडते. कॅथलिक मुलगी आणि सीएनआयचा मुलगा असेल तर कॅथलिक पक्षाला धर्मप्रांताची परवानगी लागते. सहसा सहा महिन्यांच्या आत काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला आणि विवाहपूर्व शिबिराचा दाखला मागतात. मुलांना कॅथलिक विश्वासात वाढवण्यासाठी आपल्या परीने प्रयत्न करीन, असं वचन फक्त कॅथलिक व्यक्ती देते. दुसऱ्याला त्याची कल्पना दिली जाते, त्याच्याकडून वचन घेत नाहीत. मुलाचा बाप्तिस्मा पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झाला असेल तर तो पुन्हा करत नाहीत. तो केवळ येशूच्या नावाने झालेला असेल, किंवा मुलगा साल्वेशन आर्मीतला असून बाप्तिस्मा झालेलाच नसेल, तर नुसती परवानगी पुरत नाही. वेगळी सूट मागावी लागते आणि वेळ अधिक जातो. म्हणून तारीख धरण्याआधी किमान तीन-चार महिने फादरांना भेटावं.

कायद्याची बाजू भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ सांभाळतो. लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या आत, किमान दोन साक्षीदारांसमोर. संध्याकाळच्या उपासनेनंतरचा मुहूर्त धरणाऱ्यांनी आधी घड्याळ पाहावं. लग्न कोण लावू शकतो हे कलम ५ सांगतं: बिशपकडून दीक्षा मिळालेला सेवक, चर्च ऑफ स्कॉटलंडचा पाळक, सरकारी परवाना असलेला धर्मसेवक, विवाह निबंधक, किंवा भारतीय ख्रिस्ती लोकांना विवाहाचा दाखला देण्याचा परवाना असलेली व्यक्ती. स्वतंत्र मंडळीत हा परवाना पाहायचा राहून जातो, आणि पुढे पासपोर्ट किंवा वारसाच्या कामात दाखला अडतो. परवान्याची प्रत आधी मागून घ्यावी. पाळकाकडे ती नसेल तर लग्न निबंधकाकडे लावून मंडळीत आशीर्वादाची प्रार्थना ठेवावी.